डोळे बारीक करून बघा

दर शनिवारी दुपारी दोनला आमचं ‘क्रिटिक’ असतं. आठवडाभर जे काही काढलं ते भिंतीला टेकवून ओळीनं ठेवायचं आणि वर्गातल्या सगळ्यांनी त्यावर बोलायचं. बघण्याच्या कार्यक्रमात पोरीला नेमकं काय वाटत असेल, हे मला पहिल्या शनिवारी कळलं. फरक एवढाच की तिथं पोहे तरी असतात.

सर स्वतः फार बोलत नाहीत. ते ‘हं’ म्हणतात. आखूड ‘हं’ म्हणजे पुढं चला. लांबट ‘हंऽऽ’ म्हणजे तुझं काही खरं नाही, पण अजून वेळ आहे. आणि ‘हं?’ असा सूर वर चढला की समजायचं, चित्र उलटं टेकवलंय. (माझ्या बाबतीत हे एकदा झालं. उलटंच बरं दिसत होतं, असं दोघांनी नंतर खासगीत सांगितलं.)

त्यांचं एकच वाक्य मोठं आहे: ‘तीन पावलं मागं जा आणि डोळे बारीक करून बघा.’ डोळे बारीक केले की बारीकसारीक तपशील पुसले जातात, उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे तेवढे उरतात, आणि चित्र कुठल्या बाजूला कललंय ते झटकन कळतं. शास्त्र पक्कं आहे. पण तीस पोरंपोरी एकदम तीन पावलं मागं सरून डोळे किलकिले करायला लागली की दारावरून जाणाऱ्याला वाटतं, आत कुणीतरी कांदे चिरतंय.

मी परभणी जिल्ह्यातला. चित्रकलेशी माझी पहिली गाठ पडली ती एलिमेंटरीच्या परीक्षेच्या तयारीत. पुढची इंटरमिजिएटही पास झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून अर्धा वर्ग बसला होता. त्यात स्मरणचित्राचा पेपर असतो. सरावाला विषय आला ‘पाणवठा’. आता आमच्या गावचा पाणवठा म्हणजे टँकर. तो आला की आधी कोरड्या विहिरीत रिकामा करायचा आणि मग अख्ख्या गावानं चहूबाजूंनी पोहरे सोडून तेच पाणी परत वर काढायचं. मी टँकर काढला. मागचा जाड पाइप काढला, घागरींची रांग काढली, काठावर वाकलेल्या बाया काढल्या, आणि पाइपाच्या गळतीखाली बादली लावून बसलेला एक हुशार म्हातारा काढला. मास्तरांनी कागद बघितला आणि म्हणाले, ‘अरे, हे तू बघून काढलंस. स्मरणचित्र म्हणजे आठवून काढायचं असतंय.’ मग त्यांनी स्वतः खोडरबर घेतलं, टँकरच्या जागी नदी आणली, मागं दोन डोंगर उभे केले आणि काठावर नारळाचं झाड लावलं. आमच्या तालुक्यात नारळ दिसतो तो फक्त देवापुढं, आणि तोही शेंडीचा.

पुढं तेच आठवून काढत राहिलो. दोन डोंगर, मधून सूर्य, नारळ. ‘सी’ ग्रेड मिळाली. त्याच्या जोरावर मी संभाजीनगरला कला शिकायला आलो, आणि पहिल्याच दिवशी सर म्हणाले, ‘आठवून काढू नका. समोर बघा.’

समोर होतं स्थिरचित्र: पितळी तांब्या, घड्या पडलेली चादर आणि तीन वांगी. मार्च महिना. मांडणी सोमवारी लागली आणि ‘आठवडाभर कुणी हात लावायचा नाही’ असा हुकूम निघाला. बुधवारी सकाळी वांगी दोनच होती. होस्टेलच्या मागच्या बाजूला आदल्या रात्री भरीत भाजल्याचा वास आला होता, पण पुराव्याअभावी प्रकरण मिटलं. माझा हात मुळात संथ. बाकीच्यांची वांगी सोमवारीच तुकतुकीत उतरली होती. मी शुक्रवारी वांग्याशी पोचलो तेव्हा ते सुरकुतलं होतं, देठ वाळून वाकडा झाला होता आणि बुडाशी तपकिरी डाग पडला होता. समोर बघून काढायचं म्हणून मी ते तसंच काढलं.

शनिवारी माझ्या कागदासमोर वर्ग थांबला. एक जण म्हणाला, ‘यात काळ दिसतो.’ दुसरीनं ‘ऱ्हास’ असा शब्द वापरला. सर तीन पावलं मागं गेले, डोळे बारीक केले आणि मला म्हणाले, ‘हा विचार कधी सुचला?’ मी म्हणालो, ‘सुरुवातीपासूनच डोक्यात होता सर.’ कलेचा विद्यार्थी म्हणून ती माझी पहिली स्वतंत्र निर्मिती.

तिथून मला क्रिटिकची भाषा यायला लागली. काही दिसलं नाही तर ‘स्पेस चांगली सोडलीय’ म्हणायचं. फारच काही दिसलं तर ‘जरा ओव्हरवर्क झालंय’. मैत्री टिकवायची असेल तर ‘टेक्श्चर आवडलं’. आणि कुठल्याही चित्राला चालणारं हुकमी वाक्य: ‘इथं श्वास घ्यायला जागा हवी होती.’ याला आजवर कुणीही उलट उत्तर दिलेलं नाही. दम्याच्या डॉक्टरलासुद्धा एवढा मान मिळत नसेल.

मग निघाली अभ्याससहल. अजिंठा. शंभरेक किलोमीटर, पहाटेची एसटी, पाठीला बोर्ड आणि मांडीवर डबे. फर्दापूरच्या फाट्यावर उतरलो, कारण तिथून पुढं लेण्यांपर्यंत वेगळी बस असते. बस नव्हती. माणूसही नव्हतं. पानटपरीवाला आमच्याकडं बघत शांतपणे चुना लावत होता. तो म्हणाला, ‘सोमवारी बंद असतंय की.’ सर म्हणाले, ‘हं.’ हा ‘हं’ नवीन होता.

दिवस फुकट जाऊ नये म्हणून आम्ही त्या टपरीची तीस स्केचेस केली. सरांनी जाहीर केलं, ‘हरकत नाही. उद्या वेरूळ.’ वेरूळ तसं जवळ, तीस किलोमीटर. मंगळवारी सकाळी सगळे फाटकापाशी उभे. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, कारण दोन्ही एकाच दिवशी बंद राहून पर्यटकांची गैरसोय होऊ नये. ही सोय आम्ही दोन्ही बाजूंनी उपभोगली. शेवटी शेजारीच घृष्णेश्वर आहे, त्याचं दर्शन घेऊन परतलो. घरी फोनवर आजी म्हणाली, ‘बरं झालं. दगडं बगण्यापरीस देव बगितला.’

अजिंठा घडला तो पुढच्या गुरुवारी. पहिल्या क्रमांकाचं लेणं. चपला बाहेर. आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते. हळूहळू अंधार विरळ होतो आणि गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला भिंतीवर पद्मपाणी बोधिसत्त्व उमटायला लागतो. हातात कमळ, पापण्या खाली झुकलेल्या. ज्याच्यासाठी जगभरातून माणसं येतात तो हा. माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली. मी वाट बघत राहिलो. मला काहीच झालं नाही. सरांचा मंत्र आठवून डोळे बारीक केले. आधीच अंधार, त्यात डोळे बारीक. उरला तो नुसता काळोख. मागून रखवालदार ‘चलो, आगे चलो’ करत होता.

सरकता सरकता एका ठिकाणी रंगाचा पापुद्रा निघालेला दिसला आणि मी अडखळलो. खाली मातीचा थर उघडा पडला होता, आणि त्या मातीत तूस होतं. भाताचं, बारीक, चकाकणारं. सरांनी बाहेर आल्यावर सगळं सांगितलं: खडबडीत दगडावर माती, रेती, तूस, गवताचे तंतू असा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. एक निळा तेवढा पाहुणा, लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. बाकीचे वहीत उतरवत होते. माझं लक्ष नव्हतं. माझ्या नाकात आमच्या घरच्या ओल्या भिंतीचा वास भरला होता.

आमचं घर माळवदाचं. दसऱ्याच्या आधी आजी भिंती लिंपते. अंगणात मातीचं आळं करून त्यात गव्हाचं भुस आणि शेण घालायचं, पाणी सोडायचं, आणि आम्ही पोरांनी ते तुडवायचं. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी आजी गोळा उचलून दोन बोटांत चोळून बघते, आणि पटलं नाही तर सगळ्यांना परत आळ्यात उभं करते. सुट्टीत गेलो तेव्हा तिला म्हणालो, ‘आजी, अजिंठ्याला पण मातीत भुस घातलंय.’ मला वाटलं ती चकित होईल.

‘मंग!’ आजी म्हणाली. ‘नुसत्या मातीला भेगा पडतेत लेकरा.’ थोड्या वेळानं विचारलं, ‘किती वर्सं झाले म्हणलास?’

‘पंधराशे.’

‘मंग चांगलं तुडवलं व्हतं.’

अजिंठ्यावर मी आता बरंच वाचलंय. याच्यापेक्षा मुद्द्याचं काही वाचल्याचं आठवत नाही.

सहलीनंतर पद्मपाणीची प्रतिकृती करून आणायची होती. माझा पद्मपाणी तोंडावळ्यानं आमच्या गावच्या गुत्तेदारासारखा झाला. पापण्या झुकवल्या तर तो मोबाइल बघतोय असं दिसायला लागलं, आणि उचलल्या तर बिल मागतोय असं. वैतागलो तेव्हा सरांनी या नकलांचा इतिहास सांगितला. रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी १८४४ पासून अजिंठ्यात बसून वर्षानुवर्षं नकला करत होता. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून परत सगळं काढायला बसले. तीही चित्रं लंडनला गेली, आणि १८८५ च्या आगीत त्यातलीही पुष्कळ जळाली. ग्रिफिथ्सचं नाव राहिलं. मला राहून राहून त्या विद्यार्थ्यांची आठवण येते. माझ्याच वयाची पोरं, अंधारात, वटवाघळांच्या वासात, वर्षानुवर्षं एकच असाइनमेंट. आणि जमा केल्यावर जळालं.

नाव राहायचा सोपा मार्ग दहाव्या लेण्यात आहे. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी १८१९ मध्ये शिकारीला आला, त्याला लेणी दिसली, आणि त्यानं सरळ चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून टाकली. तेव्हा आत ढिगारा साचलेला होता, त्यावर उभं राहून कोरल्यामुळं ते नाव आज डोक्याच्याही वर आहे, खोडायला हात पोचत नाही. आमच्या बसस्टँडवर बदामात नावं कोरणारी पोरं निदान पाण्याच्या टाकीवर भागवतात.

हा जळण्याचा इतिहास मी घरी अण्णांना सांगायला नको होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘मंग तू कामून काढायलास?’ असं विचारलं, आणि माझ्याकडं उत्तर नाही हे बघून स्वतःच तोडगा काढला: ‘वार्निस मारून ठीव. टिकतंय.’ मी त्यांना समजावलं, की १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून माणसं बोलावली होती, त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचा हात दिला आणि पुढं तोच पिवळा पडून चित्रं झाकोळली. अण्णा म्हणाले, ‘त्यांनी हलकं वापरलं असंल.’

माझ्या चित्रांपैकी घरात एकच लागलंय, शेतातल्या आखाड्यावरच्या कडुलिंबाचं. बाकी गावात माझ्या कलेला काम आहे, पण ते वेगळं. लग्नाच्या भिंतीवर गणपती आणि ‘शुभ विवाह’, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव, दुकानाची पाटी. ‘तू आर्टिस्ट हाईस ना? मंग पाच मिन्टाचं काम हाय.’ हे वाक्य ऐकलं की दुपार गेली समजायचं. लिंबाचं चित्र टांगलं तेव्हा आजी येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्गात आम्हाला जे डोळे आवळून साधावं लागतं ते तिला उघड्या डोळ्यांनी आपोआप मिळतं. ती बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्या अंगाला काळं लई झालंय. झाड पडंल.’ मी तीन पावलं मागं गेलो. झाड खरंच पडत होतं. हेच चित्र शनिवारी भिंतीला असताना वर्गानं म्हटलं होतं, श्वास घ्यायला जागा हवी होती.

पोळ्याला यंदा गेलो. आदल्या संध्याकाळी अण्णांनी बैलांची खांदेमळणी केली, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून झालं. सकाळी बैल धुऊन आणले आणि अण्णांनी वार्निसचे दोन डबे माझ्यापुढं ठेवले. ‘शिंगं तू रंगव. शिकायलास ना.’ निळा आणि नारिंगी. वर्णचक्रात समोरासमोरचे रंग, शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. मी हरण्याचं उजवं शिंग निळं केलं आणि डावं नारिंगी. वरून बेगड चिकटवली. मठाठ्या, गोंडे, घागरमाळ चढली. बैल देखणा दिसत होता, असं माझं प्रामाणिक मत.

गल्लीतले लोक जमले. एक जण म्हणाला, ‘डबा संपला व्हता का?’ दुसऱ्याला वाटलं, बैल कुठल्या पार्टीचा आहे ते ठरलेलं नाही. मी त्यांना पूरक रंगांचं सांगायला लागलो, तेवढ्यात हरण्यानं मान वळवली आणि ओलं नारिंगी शिंग माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, काखेपासून कमरेपर्यंत, एका सलग फटकाऱ्यात पुसलं. असा मोकळा स्ट्रोक वर्गात अजून कुणाला जमलेला नाही.

लोक हसत होते. अण्णा हसले नाहीत. ते मागं सरले, एक, दोन, तीन पावलं, गोठ्याच्या मेढीला टेकले आणि उन्हामुळं असेल, डोळे बारीक करून बराच वेळ बैलाकडं बघत राहिले.

‘हं,’ अण्णा म्हणाले. ‘डाव्या शिंगावर आणखी येक हात मार. टोकाला फिकं राह्यलंय.’

मी डबा उचलला.