1955 साली तो माल नवाच होता

गिटारवाल्यांत एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरत येतो. म्हणणं असं: पन्नासच्या दशकातल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचा आवाज हवा, तर पार्टही त्याच काळातले हवेत. जुन्या साठ्यातले व्हॉल्व्ह, कार्बनचे रेझिस्टर, मेणकागदाचे कंडेन्सर, काळा फायबर बोर्ड. ट्रान्सफॉर्मर अमेरिकेतूनच मागवा, लॅमिंग्टन रोडचा वाइंडर (तारा गुंडाळून ट्रान्सफॉर्मर बनवणारा कारागीर) नुसती घरघर गुंडाळून देतो.

शेवटचं वाक्य झकास आहे, पण खोटं आहे.

आधी कंडेन्सर, कारण इथे प्रश्न आवाजाच्या आधी जिवाचा आहे. फेंडरचा छोटा चॅम्प घ्या: सिग्नल वाढवणारा एक 12एएक्स7 व्हॉल्व्ह, स्पीकर हलवणारा एक 6व्ही6, एसीचं डीसी करणारा एक 5वाय3, जेमतेम पाच वॅट. 1955 साली तो जोडणाऱ्यांनी त्या दिवशी बाजारात मिळणारा साधा, कोरा माल लावला होता. साठ-सत्तर वर्षं मुरलेला नव्हे. मेणकागद ओल पितो आणि जो डीसी कंडेन्सरने अडवायचा, तोच तो गळू देतो. मग 12एएक्स7 च्या प्लेटवरचं व्होल्टेज 6व्ही6 च्या ग्रिडवर (करंटला आवर घालणाऱ्या जाळीवर) झिरपतं, करंट वाढतो आणि प्लेट लालबुंद होते. चोरबाजारातून आणलेल्या ‘ओरिजिनल’ कंडेन्सरने ऐन जुलैत माझा व्हॉल्व्ह असाच घालवला, दुसरं गाणं संपायच्या आत. डीसी सपाट करणारे जुने फिल्टर कंडेन्सर तर साडेतीनशे व्होल्टवर फुटूही शकतात. आणि नवा असो वा जुना, ॲम्प बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरने तपासल्याशिवाय आत बोट घालू नका.

कार्बनच्या रेझिस्टरबद्दल मात्र थोडं तथ्य आहे. व्हॉल्व्हच्या प्लेटवर, जिथे सिग्नलचा झोका मोठा असतो, तिथे त्याचा रोध व्होल्टेजबरोबर किंचित हलतो आणि आवाजात जरासा गोडवा येऊ शकतो. हौस असेल तर तिथे एक-दोन लावा. बाकी सगळीकडे तो फक्त खरखर आणतो. उष्णतेने आणि दमटपणाने त्याचा रोधही सरकतो. तिथे मेटल फिल्मचा रेझिस्टर बरा.

काळा फायबर बोर्ड मुंबईत लावणं म्हणजे छत्रीला भोकं पाडून घेणं. तो हवेतली ओल शोषतो आणि स्वतःच थोडी वीज वाहू लागतो. मग कुरकुर, आणि बायस (व्हॉल्व्हचा ठरवून दिलेला करंट) सरकलेला. मी ग्लास-इपॉक्सीच्या पट्टीवर पितळी टरेट (तारा डागायचे छोटे खुंट) ठोकून वायरिंग करतो. दिसायला जुनं, दुरुस्तीला सोपं, आणि पावसाळा निभतो.

व्हॉल्व्ह? जुने चांगले असतातच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आजोबांच्या रेडिओतला ईएल84 हाच व्हॉल्व्ह व्हॉक्स एसी30 या गिटार ॲम्पमध्ये चार-चार लागतो. पण ‘न वापरलेला’ म्हणून खोक्यात मिळणारा पुष्कळदा रेडिओतून उपटलेला, कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) झिजलेला असतो. टेस्टरवर पास झाला तर घ्या, नाहीतर स्लोव्हाकियाच्या जेजे कंपनीचा नवा लावा आणि वाजवायला बसा.

राहिला ट्रान्सफॉर्मर. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथेच घालावेत. पण अमेरिकेतला पॉवर ट्रान्सफॉर्मर 60 हर्ट्झसाठी बेतलेला असतो. स्टेपडाउन लावून व्होल्टेज उतरेल, हर्ट्झ 50 च राहतील. तेवढ्याच व्होल्टेजला लोखंडातलं चुंबकत्व 20 टक्के वाढतं, आणि कोअर, म्हणजे आतलं लोखंड, काटकसरीची असेल तर ट्रान्सफॉर्मर तापतो. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा जाड कोअरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्यात आपल्या वाइंडरची हयात गेलेली असते.

चुकतं ते आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधल्या), आणि चूक बहुधा आपली. एकाच 6व्ही6 च्या ॲम्पमध्ये त्याच्या प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीतून) सतत डीसी जातो, म्हणून कोअरमध्ये गॅप, म्हणजे बारीक फट, लागते. आपण हे सांगत नाही आणि वाइंडर सवयीने कोअरच्या पट्ट्या उलटसुलट भरतो. मग खालचे सूर पिचतात आणि आपण त्याच्या नावाने बोंब मारतो. दुसऱ्या खेपेला मी चित्रच काढून नेलं: ‘ई’ अक्षराच्या आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूला, ‘आय’च्या सगळ्या दुसऱ्या, मध्ये कागद. त्याने चष्मा वर सरकवला.

“म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकसारखं ना? मग आधी सांगायचं की!”