आमचा पाव, त्यांचा पांव

लिस्बनला आले तेव्हा पहिले काही दिवस मी बेकरीत जाऊन लाकूड मागत होते. पोर्तुगीजमध्ये पावाला 'पांव' म्हणतात, शेवट नाकातून काढायचा. आपला वेंगुर्ल्याचा सरळसोट 'पाव' म्हटला की अर्थ होतो दांडका. काउंटरवरची बाई दोनदा हसली. तिसऱ्यांदा तिने स्वतःच्या नाकावर बोट ठेवून मला उच्चार शिकवला.

हे आठवलं ते शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर पेटलेल्या वादामुळे. एकाचा दावा असा, की पाव शब्द आपलाच. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय आणि चौथा हिस्साही. त्यावरून पाव, कारण लादीत चार जोडलेले असतात. दुसरा म्हणाला, पीठ पायांनी तुडवायचे म्हणून पाव. मग रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी चालवलेल्या भाषाशुद्धीचे दाखले निघाले, 'दिनांक' आणि 'महापौर' आठवले, आणि मी परदेशात बसून पोर्तुगिजांची बाजू घेते असंही ठरलं.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "चार असतत म्हणान पाव, तर सहाच्या लादीक काय म्हणतले ते?"

शब्द लॅटिन 'पानिस'पासून आला, त्यात वादाला जागा नाही. 1510 मध्ये गोवा घेतलेल्या पोर्तुगिजांनी पाव इथे आणला, आणि यीस्ट मिळेना म्हणून पीठ फुगवायला आमच्या माडांची माडी वापरली. तेच 1543 मध्ये जपानला पोचले. तिथे पावाला आजही 'पान' म्हणतात. चिनी 'बाओ' मात्र या घरातला नव्हे, त्याचा अर्थ गुंडाळणं. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. खुद्द मराठीत तीन पाव आहेत: खायचा, मापाचा आणि 'देवा, पाव रे' मधला. तिघांची कुळं वेगळी.

इथल्या शेजारीणबाई मी तापाने पडले की 'कांझा' आणून देतात, कोंबडीच्या रश्शात शिजवलेला भात. आजाऱ्याचं इतकं पोर्तुगीज अन्न दुसरं नाही. शब्द मलबारातल्या कांजीचा. मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "असं होय? गार होतंय, आधी खा." सोप्या कामालाही इथले लोक 'कांझा आहे' म्हणतात.

पण ही तुलना पुरती न्यायाची नाही, हे मलाही कळतं. पोर्तुगीज सुखात आहे. लिस्बनच्या मुलाला शाळेत, बँकेत, दवाखान्यात स्वतःची भाषा सोडावी लागत नाही. आमच्या ग्रुपवरच्या रागामागे जी भीती आहे ती खोटी नाही. ती चुकीच्या पावावर निघते, एवढंच. खायचा पाव कधीच मराठी झाला. पावाचा, पावाला, पावात, सगळे प्रत्यय निमूट घेतो. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की अख्खी वाडी "पाव इलो" म्हणते.

संस्कृत पादातून खरोखर आलेला पाव मात्र कुणी मोजत नाही. माझ्या वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं. पावशेर गेला तरी ते हिशेब पावकीनेच, म्हणजे पावपटीच्या पाढ्यानेच करायचे: बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण. पुढे निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. गिऱ्हाइकाने पिशवी उघडेपर्यंत रक्कम तयार. चार आण्यांची पावली 2011 च्या जूनअखेर चलनातून गेली, तेव्हाही या ग्रुपवर कुणाला हळहळ वाटल्याचं आठवत नाही.

परवा कुडाळच्या भाच्याशी व्हिडिओ कॉल चालू होता. इंग्रजी शाळा, सहावी, गणितात हुशार. म्हटलं, "बाबू, पावकी येते का रे तुला?"

तो थोडा थांबला. "म्हणजे बारको पाव?"