देशाभिमान, युरोप आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि तिखट आहे, त्यामुळे आभाराच्या दोन ओळी लिहून मोकळे होणे बरे दिसले नसते. आपले म्हणणे असे की, मी देशाभिमानाला एखादे जुनाट दुखणे समजतो, स्वतःला आधी ‘युरोपीय’ म्हणवणारी माणसे युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समधील कचेऱ्यांबाहेर सापडत नाहीत, आणि 2016 साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी दिलेला कौल हे त्याचेच प्रत्यंतर आहे. यांपैकी पहिल्या मुद्द्यात चूक माझी. ‘देशाभिमानाचे भूत’ हे शब्द युरोपीय ऐक्यावरच्या माझ्या लेखात नको होते. ते मी मागे घेतो.

मात्र युरोपीय ऐक्याचे खूळ देशाशी नाळ तुटलेल्या लोकांनी काढले, हे आपले विधान इतिहासाला धरून नाही. या ऐक्याचा पाया घालणाऱ्यांपैकी रोबेर शूमान 1886 साली लक्झेंबर्गमध्ये जन्मले ते जर्मन नागरिक म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या वडिलांचा लॉरेन प्रांत जर्मनीकडून फ्रान्सकडे परत आला, तेव्हा ते फ्रेंच झाले. त्यांच्यापैकीच दुसरे, पुढे इटलीचे पंतप्रधान झालेले आल्चीदे दे गास्पेरी तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत बसत, कारण त्यांचा त्रेंतिनो हा प्रांत, जो आज इटलीत आहे, तेव्हा ऑस्ट्रियाकडे होता. पायाखालची सरहद्द सरकली की काय होते, हे या दोघांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शिवाय 9 मे 1950 रोजी कोळसा आणि पोलाद सामाईक अधिकाराखाली आणण्याचा प्रस्ताव शूमान यांनी मांडला तो फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री म्हणून, आणि जर्मनीच्या अवजड उद्योगाचा फ्रान्सला पुन्हा धोका होऊ नये, हा अगदी राष्ट्रीय हिशोब त्यामागे होता.

हे लिहिताना समोर एक युरोचे ग्रीक नाणे आहे. एका बाजूला युरोपचा नकाशा, दुसऱ्या बाजूला प्राचीन अथेन्सच्या नाण्यावरून घेतलेले घुबड. युरोच्या नोटांवरचे पूल मात्र काल्पनिक काढावे लागले, कारण कोणाचा पूल घ्यायचा आणि कोणाचा वगळायचा, हा तंटा नको होता. (तडजोड म्हणून ठीक, पण ते पूल पोरके दिसतात.) या घुबडाच्या देशात 5 जुलै 2015 रोजी 61 टक्क्यांहून अधिक मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी नाकारल्या, आणि जेमतेम आठवड्याभरात त्यांच्याच सरकारने तशाच कठोर अटी स्वीकारल्या.

माझे म्हणणे येथे सुरू होते, आणि मूळ लेखात मी ते नीट मांडले नव्हते हे कबूल करतो. 2005 साली फ्रान्समध्ये सुमारे 55 टक्के आणि नेदरलँड्समध्ये 61 टक्क्यांहून अधिक मतदारांनी युरोपीय संघाची प्रस्तावित राज्यघटना फेटाळली. तिच्यातील बहुतेक तरतुदी सदस्य देशांच्या 2007 च्या लिस्बन करारात परत आल्या. ‘राज्यघटना’ हे नाव आणि ध्वज व गीत यांचे उल्लेख तेवढे वगळले गेले. म्हणजे लोकांना झेंडा खटकला असावा, असे नेत्यांनी गृहीत धरले. फ्रान्समधील विरोधात नोकऱ्यांची चिंता करणारे डावे मतदारही मोठ्या संख्येने होते, त्यांना झेंड्याशी काय देणेघेणे? स्वतःच्या देशात सरकार आवडले नाही तर मतदार ते पाडतो आणि देशातच राहतो. युरोपीय संघात पाडता येईल असे सरकार मतदाराला समोर दिसत नाही, म्हणून धोरणावरचा राग थेट संघावर निघतो, आणि त्या रागाला देशाभिमानाची भाषा आयती मिळते.

म्हणूनच ब्रिटनचा दाखला मला अपुरा वाटतो. त्याच मतदानात स्कॉटलंडने 62 टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने दिली, आणि तेथे स्वातंत्र्य मागणारा राष्ट्रवादी पक्षच युरोपचा पुरस्कर्ता होता. अभिमान तिकडेही कमी नाही.

संघात कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार आजही मुख्यतः युरोपीय आयोगाकडे, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडे आहे. थेट निवडून आलेली युरोपीय संसद त्याला फक्त विनंती करू शकते. हे बदलेपर्यंत अधिक राजकीय एकीकरणाला माझाही विरोधच राहील, म्हणजे निष्कर्षात आपण फार दूर नाही. स्कॉटलंडच्या मुद्द्यावर मात्र आपले उत्तर वाचायला आवडेल.