गडावर जाऊन दगड बघायचे?

नमस्कार. शाळेच्या गडसहलींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'रायगडावर नेऊन मुलांना महाराजांऐवजी लाव्हा शिकवता, आणि सातवीच्या पोरांना 6.6 कोटी वर्षं काय डोंबल कळणार?' असे तुमचे दोन आक्षेप. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

पहिल्या सहलीत मी तो आकडा वहीत उतरवून घेतला होता. आठवड्याने विचारलं, तर निम्मा वर्ग 'सहा हजार' म्हणाला! आता मी सुतळीचं बंडल नेतो. हजार वर्षांना एक मिलिमीटर धरायचा. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्यातून घडला, तिथपर्यंत पोचायला 66 मीटर सुतळी सोडावी लागते. टोक धरलेला मुलगा पार लांब जातो. आणि 1674 चा राज्याभिषेक? आपल्या हातातल्या टोकापासून वहीच्या चार पानांच्या जाडीएवढा. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दोनेक मिलिमीटरवर. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात.

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. रायगडाला सगळीकडून तट का नाही? कारण बऱ्याच ठिकाणी कडाच तटाचं काम करतो. मग कडा असा ताशीव का? लाव्हा एका दमात आला नाही, थरावर थर साचत गेले. काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतो, टणक थराचा कडा उभा राहतो, म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. या खडकाचं 'ट्रॅप' हे नावही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून पडलंय. राजधानीसाठी हा डोंगर निवडणाऱ्याची नजर मुलांना दाखवायची, तर कड्याबद्दल बोलावंच लागतं.

पाण्याचंही तेच. एका गडावर टाक्यापाशी थांबलो होतो. 'इतक्या उंचावर उन्हाळ्यात पाणी कुठून येतं?' एवढंच विचारलं. 'देवाची कृपा' झाली, 'पाइपलाइन' झाली. एक मुलगी मात्र टाक्याच्या भिंतीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "सर, इथपर्यंत कोरडं आहे, खाली ओलं." तिचं बोट एका तांबड्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर होतं. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ गेला, तेवढ्यात खडक कुजून माती झाली, तो हा पट्टा. वरच्या भेगाळ कातळातून झिरपलेलं पाणी या चिकण थराशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं. पाथरवटांनी छिन्नी नेमकी तिथे लावली होती. वेढ्यात गड किती दिवस तग धरेल, हा प्रश्न मग मुलांनीच काढला. हा इतिहासाचा तास की भूगोलाचा, तुम्हीच ठरवा. (आमच्या वेळापत्रकात तो 'कार्यानुभव' लागला होता, ते सोडा.)

हिरकणीची गोष्ट लेखात नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. राहिली खरी. ती आख्यायिका आहे हे मी मुलांना सांगतो, पण सांगून झाल्यावर बुरुजाच्या आतूनच खालचा कडा बघायला लावतो. मागच्या खेपेला एकाने विचारलं, "सर, पण तिने धरलं कशाला असेल?" पुढचा अर्धा तास आम्ही कड्यातल्या खोबणी मोजत होतो.