अँथनी जॉन्सन अमेरिकेतला ‘पहिला गुलाममालक’ नव्हता

एक मेसेज बराच काळ इंग्रजीतून फिरत होता, आता तो मराठीतही येऊ लागलाय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकेतला पहिला गुलाममालक गोरा नव्हता, काळा होता. त्याचं नाव अँथनी जॉन्सन. त्याच्याआधी तिथे गुलाम नव्हतेच, सगळे मुदतीच्या करारावरचे नोकर होते. 1654 मध्ये त्याने कोर्टातून जॉन केसर नावाचा माणूस आयुष्यभरासाठी मिळवला आणि गुलामगिरी सुरू झाली. तेव्हा गोऱ्यांना दोष देणं थांबवा.’ सोबत कोट घातलेल्या एका काळ्या गृहस्थाचा फोटो असतो.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. तेव्हापासून हा इतिहास आपल्याला परका नाही, आणि म्हणूनच तो असा मोडतोड करून आपल्या ग्रुपमध्ये यावा याचा मला राग येतो. अँथनी जॉन्सन खरा माणूस होता. त्याची, त्याच्या बायकोची, मुलांची आणि नातवाची नोंद व्हर्जिनिया आणि मेरीलँड या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींच्या दप्तरांत आहे. मेसेजने त्यातलं एकच पान फाडून घेतलंय.

फोटोचं लगेच मिटवू. जॉन्सन 1670 मध्ये वारला. फोटोग्राफी जगापुढे आली 1839 मध्ये. तो फोटो त्याचा असूच शकत नाही.

आता ‘पहिला’ या दाव्याकडे येतो. ऑगस्ट 1619 मध्ये ‘व्हाइट लायन’ हे इंग्रज लुटारू जहाज व्हर्जिनियात पॉइंट कम्फर्टला लागलं. पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून पळवून आणलेली वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसं त्याच्यावर होती, आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी अन्नधान्याच्या बदल्यात ती घेतली. खुद्द जॉन्सन दोन वर्षांनी, 1621 मध्ये, ‘जेम्स’ जहाजातून आला. तेव्हा कागदावर त्याला आडनावही नव्हतं, नुसतं ‘अँटोनियो, निग्रो’. त्याला विकत घेतलं बेनेट या इंग्रज घराण्याच्या तंबाखूच्या मळ्यासाठी. 22 मार्च 1622 ला पाउहॅटन या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी वसाहतीवर हल्ला केला. त्या मळ्यावरची बहुतेक माणसं मारली गेली, तो वाचला. म्हणजे ज्याला ‘पहिला मालक’ म्हणतात, तोच आधी इंग्रजांच्या हाती विकला गेलेला माणूस होता.

एवढ्यावर कोणी म्हणेल, ‘पण तो पुढे सुटला ना, मग गुलाम कसला?’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि मेसेज त्याच आधारावर उभा आहे. व्हर्जिनियात सुरुवातीची काही दशकं आफ्रिकी माणसाचं कायद्यातलं स्थान धूसर होतं. काही जण सुटले, जमिनीचे मालक झाले. बाकीचे मरेपर्यंत राबले. पण ‘सगळे करारावरचे नोकर’ हे साफ खोटं आहे. त्यासाठी 1640 चा जॉन पंचचा निकाल पुरेसा आहे. ह्यू ग्विन नावाच्या मळेवाल्याकडून तीन नोकर मेरीलँडला पळाले: एक डच, एक स्कॉटिश आणि एक आफ्रिकी. तिघे पकडले गेले. गुन्हा एकच होता. दोघा गोऱ्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली, आणि जॉन पंचला मरेपर्यंत चाकरीची शिक्षा झाली. ती देणारे होते वसाहतीचे गव्हर्नर आणि त्यांचं मंडळ. केसरच्या खटल्याला अजून जवळजवळ पंधरा वर्षं अवकाश होता. पुढच्याच वर्षी, 1641 मध्ये, मॅसॅच्युसेट्सने आपल्या कायद्यात गुलामीला लेखी जागा दिली. आणि हे फक्त इंग्रज वसाहतींचं झालं. फ्लोरिडात 1565 मध्ये स्पॅनिशांनी वसवलेल्या सेंट ऑगस्टिनमध्ये आफ्रिकी गुलाम कितीतरी आधीपासून होते.

काही मेसेजांत ‘जॉन्सनकडे पाच गुलाम होते’ अशी भरही असते. ती आली 1651 च्या जमिनीच्या सनदेतून. व्हर्जिनियात नव्या माणसाचा प्रवासखर्च जो भरेल त्याला माणशी 50 एकर जमीन मिळे. जॉन्सनने पाच नावं दाखवून 250 एकर मिळवली. पण हे हक्क बाजारात विकत मिळत. नाव दाखवलं म्हणजे तो माणूस दाखवणाऱ्याच्या घरी राबत होता असं मुळीच नाही. त्या पाच नावांतलं एक नाव रिचर्ड जॉन्सन आहे, आणि अँथनीच्या मुलाचं नाव रिचर्डच होतं.

आता केसर. इथे मेसेज पूर्णपणे खोटा नाही, आणि मी जॉन्सनला धुतल्या तांदळासारखा ठरवणार नाही. जॉन केसरचं म्हणणं होतं की तो सात-आठ वर्षांच्या करारावर आला आणि मुदत संपल्यावरही जॉन्सनने त्याला सात वर्षं जास्त राबवलं. जॉन्सनचं म्हणणं, असा करार नव्हताच, हा माणूस जन्मभरासाठी माझा. शेजारचे गोरे जमीनदार जॉर्ज आणि रॉबर्ट पार्कर केसरच्या बाजूने उभे राहिले. जॉन्सनच्या घरातच दुमत झालं. बायको, मुलगे, जावई यांनी त्याची समजूत काढली. दावा हरलो तर केसर जॉन्सनच्या गाई घेऊन जाईल ही भीतीही त्यात होती. जॉन्सनने त्याला सोडलं, आणि केसर रॉबर्ट पार्करकडे कामाला लागला. मग जॉन्सनचं मन फिरलं. त्याने पार्करवर दावा लावला. नॉर्दम्प्टन काउंटीच्या कोर्टाने 8 मार्च 1655 ला निकाल दिला: केसर जॉन्सनला परत करावा, खर्च पार्करने भरावा. (मेसेजमध्ये 1654 दिसतं ते तेव्हाचं इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू होत असे म्हणून.)

केसरवर अन्याय झाला, आणि तो करणाऱ्यांत जॉन्सन होता. गुन्हा नसताना एखाद्याला जन्माचा चाकर ठरवणारा व्हर्जिनियातला हा अगदी सुरुवातीचा दिवाणी निकाल आहे, म्हणून इतिहासकारही त्याला महत्त्व देतात. पण निकालपत्र जॉन्सनने लिहिलं नव्हतं. गोऱ्या मळेवाल्यांचं कोर्ट बसलं होतं, त्यांनी लिहिलं. त्यांच्यापुढे केसरला मुक्त करण्याची वाट उघडी होती.

मेसेजात ज्याचा पत्ताच नाही ते म्हणजे जॉन्सनचं घर. त्याची बायको मेरी 1622 मध्ये ‘मार्गारेट अँड जॉन’ जहाजातून त्याच मळ्यावर आली. दोघांचा संसार चाळीस वर्षांहून जास्त चालला. चार मुलं झाली. जॉन आणि रिचर्ड या दोघा मुलग्यांनी बापाच्या शेजारीच जमिनी घेतल्या, एकाने 550 एकर, दुसऱ्याने 100. 1653 मध्ये आगीत त्यांचं मोठं नुकसान झालं. तेव्हा त्याच काउंटीच्या कोर्टाने त्यांचे कष्ट आणि तीस वर्षांचा वास्तव्यकाळ नोंदवून मेरीला आणि दोन्ही मुलींना जन्मभर करमाफी दिली. ही सवलत किती मोठी, हे कळायला एक गोष्ट माहीत हवी: व्हर्जिनियात हा कर गोऱ्या बायकांवर नव्हता, काळ्या बायकांवर होता.

1665 च्या सुमाराला हे कुटुंब मेरीलँडला गेलं. केसरही बरोबर गेला, गुलाम म्हणूनच. तिथे 300 एकर खंडाने घेतले. नातू जॉनने 1677 मध्ये 44 एकर विकत घेतले आणि त्या शेताचं नाव ठेवलं ‘अंगोला’.

आता मेसेजचा शेवटचा दावा, ‘गोऱ्यांना दोष देणं थांबवा’. मूल कोणत्या अवस्थेत जन्मेल ते आईवरून ठरेल, म्हणजे गुलाम बाईचं मूल बाप कोणीही असला तरी गुलाम, हा कायदा व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने डिसेंबर 1662 मध्ये केला. बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही, हे 1667 मध्ये ठरलं. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर गुन्हा नाही, हे 1669 मध्ये. 1705 मध्ये या सगळ्याची एकत्र संहिता झाली. या विधिमंडळात एकही काळा माणूस नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी, कातडीवर ठरणारी गुलामी या कायद्यांनी घडवली.

आणि या कायद्यांच्या काळात जॉन्सनच्या घराचं काय झालं तेही दप्तरात आहे. व्हर्जिनिया सोडताना त्याने 50 एकर मुलगा रिचर्डला दिले होते. रिचर्ड बायकामुलांसह तिथे राहत होता. ऑगस्ट 1670 मध्ये, बाप वारल्यावर, गोऱ्या पंचांनी ठरवलं की अँथनी जॉन्सन निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची जमीन राजाची. रिचर्डचे 50 एकर सरकारजमा झाले आणि मिळाले जॉर्ज पार्करला.