विनोग्रँडचे न धुतलेले अडीच हजार रोल ही शिस्त नव्हती, थकबाकी होती

“गॅरी विनोग्रँड कॅमेरा डोळ्याला न लावता कमरेवरूनच फोटो काढायचा. काढलेले रोल मुद्दाम दोन-दोन वर्षं धुवायचा नाही. मेला तेव्हा अडीच हजार रोल तसेच पडून होते. जिवंतपणी त्याला कुणी विचारलं नाही. तेव्हा बघत बसू नका, बटण दाबत राहा, निवड नंतर करता येते.” रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या या अमेरिकन छायाचित्रकाराबद्दलचा हा मजकूर हातोहात फिरतोय. त्यातला आकडा बरोबर आहे, एक गोष्ट अर्धी खरी आहे आणि सल्ला मात्र साफ चुकीचा.

आधी कमरेचं बघू. अमेरिकन पत्रकार बिल मोयर्स यांच्या १९८२ च्या टीव्ही कार्यक्रमात विनोग्रँड लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर काम करताना दिसतो. कॅमेरा झटकन डोळ्याला जातो आणि तितक्याच चटकन खाली येतो. समोरच्याला कळायच्या आत हे उरकतं, म्हणून त्याने बघितलंच नाही असं वाटतं. इतका वेग येतो कुठून? सगळी तयारी आधीच झालेली असते. त्याची नेहमीची जोडी म्हणजे लायका एम४ कॅमेरा आणि रुंद दृश्य टिपणारी २८ मिमी लेन्स. एफ ८ (लेन्सचं छिद्र बरंच लहान) ठेवून ३.३ मीटरवर फोकस लावला की साधारण १.७ मीटरपासून पुढचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं, रिंग फिरवावी लागत नाही. ट्राय-एक्स ही ४०० आयएसओची (प्रकाशाला संवेदनशीलता) फिल्म तो १२०० धरून वापरायचा असं त्याचे विद्यार्थी सांगतात. हिशेब साधा आहे. ४०० वर मोकळ्या सावलीत एफ ८ ला शटर जेमतेम १/२०० सेकंद मिळतं, जवळून चालत जाणारा माणूस हललेला, पुसट येतो. १२०० धरलं तर तिथेच १/५०० मिळतं आणि उन्हात एफ १६ ला १/१०००. बदल्यात सावलीतला तपशील थोडा जातो.

याच लेन्सने कमरेवरून काय होतं तेही बघा. दोन मीटरवर २८ मिमीची आडवी चौकट सुमारे १.७ मीटर उंचीचा भाग घेते. कॅमेरा एक मीटर उंचीवर सरळ धरला तर माणूस कसाबसा बसतो. १० अंश खाली झुकला की चौकट सुमारे ३५ सेंमी खाली सरकते आणि डोकं कापलं जातं. विनोग्रँडच्या तिरक्या चौकटींत कडेला अर्धा माणूस येतो, पण तो नेमका हवा तिथेच कापलेला असतो. हे अंदाजाने रोज जमत नाही. शिवाय एम४ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) २८ ची चौकट आखलेलीच नाही (३५, ५०, ९० आणि १३५ च्या आहेत). खिडकीची अख्खी हद्द म्हणजे जवळपास २८, आणि ती दिसायला डोळा काचेला चिकटवावाच लागतो.

आता दोन वर्षांचा नियम. रोल धुवायला तो उशीर करायचा हे खरं. फोटो काढतानाचा आनंद विसरल्याशिवाय निवड निष्पक्ष होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. पण मागे राहिलेला ढीग या नियमातून आलेला नाही. नुसते न धुतलेले २,५०० रोल मोजून लोक थांबतात. त्याखेरीज ६,५०० रोल धुतलेले होते, पण त्यांच्या कॉन्टॅक्ट शीट (रोलमधले सगळे फोटो मूळ आकारात छापलेला कागद) काढलेल्या नव्हत्या. आणखी सुमारे ३,००० रोलांच्या शीट होत्या, पण निवड जवळपास नव्हती. मुद्दाम थांबायचंच असेल तर माणूस एका टप्प्यावर थांबतो. इथे तिन्ही टप्प्यांवर काम तुंबलेलं आहे. पहिले दोन ढीग मिळून ९,००० रोल, ३६ च्या हिशेबाने ३ लाख २४ हजार फोटो. त्यात पित्ताशयाच्या कॅन्सरचं निदान १९८४ च्या फेब्रुवारीत झालं आणि १९ मार्चला, ५६ व्या वर्षी, तो गेला. आवरायला वेळच मिळाला नाही.

“बटण दाबत राहा” या सल्ल्याचा निकालही याच ढिगात आहे. शेवटच्या वर्षांत तो मोटर वाइंडर (फिल्म आपोआप पुढे सरकवणारं यंत्र) वापरू लागला, बरेच फोटो गाडीत शेजारच्या सीटवर बसून काढले. त्याला सुरुवातीपासून उचलून धरणारे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचे छायाचित्र विभागप्रमुख जॉन शार्कोव्स्की यांनी १९८८ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हे रोल धुवून घेऊन पाहिले. या काळातल्या कामाबद्दल त्यांचं मत वाईट झालं, तांत्रिक चुका वाढल्याचंही त्यांनी नोंदवलं. छायाचित्रकार लिओ रुबिनफीन यांना २०१३ च्या विनोग्रँड प्रदर्शनासाठी त्यातून बरंच चांगलं मिळालं, म्हणजे ढीग अगदीच टाकाऊ नाही. पण ती निवड रुबिनफीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. विनोग्रँडने काय ठेवलं असतं ते त्यावरून ठरत नाही.

उपेक्षेची गोष्ट तर नुसती भर आहे. १९५५ च्या ‘फॅमिली ऑफ मॅन’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्याचे फोटो होते, कलावंतांना मिळणारी पहिली गुगेनहाइम फेलोशिप १९६४ ला मिळाली (एकूण तीन), १९६७ ला ‘न्यू डॉक्युमेंट्स’ प्रदर्शनात डायान आर्बस आणि ली फ्रीडलँडर या छायाचित्रकारांसोबत तो झळकला. हयातीत चार पुस्तकं निघाली.

उशिराने निवडण्याचा प्रयोग करायचाच असेल तर उशीर धुण्यात करू नका. फिल्मवर उमटलेली न धुतलेली प्रतिमा हळूहळू क्षीण होते, धुरकटपणा वाढतो, उष्ण खोलीत जास्तच. त्याहून वाईट म्हणजे शटर अडकत असेल किंवा कॅमेऱ्यात कुठून उजेड शिरत असेल तर ते दोनशे रोलांनंतर कळतं. रोल आठवड्याभरात धुवा, सहा-सहाच्या पट्ट्या कापून आठ बाय दहाच्या एका कागदावर कॉन्टॅक्ट काढा, चुका तपासण्यापुरती भिंगातून नजर टाका, मागे तारीख लिहा आणि ती शीट वर्षभर डब्यात ठेवा.