जो कोणी

लहानपणी चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधलं योहान ३:१६ ('जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो' त्याला 'सार्वकालिक जीवन' मिळावं, असं सांगणारं वचन) न चुकता म्हणून दाखवलं की लिमलेटची गोळी मिळायची. सगळ्यांची गाडी 'सार्वकालिक'वर अडखळायची. त्याच्या जरा आधी 'जो कोणी' असे दोन शब्द येतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे. माझंही नाही.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या मेझव्हिलमध्ये एका मुलीचं मात्र नेमकं तिथेच लक्ष गेलं. मेरी मॅक्लाउड, जन्म १८७५, गुलामीतून सुटलेल्या आईबापाच्या सतरा लेकरांतली पंधरावी. आई ज्या गोऱ्या घरचे कपडे धुवायची, तिथे मेरीने एकदा पुस्तक हातात घेतलं. त्या घरातली मुलगी म्हणाली, ठेव ते खाली, तुला कुठे वाचता येतं! पुढे मिशनची शाळा निघाली आणि मेरी मैलोन्‌मैल चालत तिथे जाऊ लागली. शिक्षिकेने हेच वचन वाचलं तेव्हा तिला वाटलं, 'जो कोणी' म्हणजे काळा-गोरा काही नाही, म्हणजे त्यात मीसुद्धा. हे त्यांनी मोठेपणी स्वतः सांगितलंय.

डेन्व्हरच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने पैसे पाठवले, त्यावर त्या पुढे शिकल्या. शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटपर्यंत पोचल्या. मिशनरी होऊन आफ्रिकेत जायचं, हे एकच स्वप्न. प्रेस्बिटेरियन चर्चच्या मिशन बोर्डाने कळवलं, आफ्रिकेत काळ्या मिशनऱ्यांसाठी जागा नाही. पुन्हा वाचा. आफ्रिकेत!

मला ही गोष्ट इथे सगळ्यात जास्त टोचते. दार लावलं ते चर्चनेच. आणि आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावं? आपल्या ख्रिस्ती मंडळीत लग्न जुळवताना 'मूळचे कोण?', म्हणजे जात कोणती, हा प्रश्न अजून हळूच विचारला जातोच की. माझ्या घरीही विचारला गेलाय.

आपल्याकडे कुणावर अन्याय झाला की पाळकांपासून काकूंपर्यंत सगळे म्हणतात, "प्रार्थना करू या." मेरीबाईंनीही केली असणार. पण नंतर त्या उठल्या. लग्न झालं, आडनाव बेथ्यून झालं, मुलगा झाला, आणि १९०४ साली फ्लोरिडातल्या डेटोनाला त्यांनी भाड्याच्या घरात शाळा काढली. जवळ दीड डॉलर, पटावर पाच मुली आणि स्वतःचा मुलगा. राज्याच्या घटनेतच लिहिलेलं होतं की गोरी आणि काळी मुलं एका शाळेत शिकणार नाहीत. बाकं म्हणून खोकी, शाई म्हणून रानफळांचा रस. पैशांसाठी रताळ्याचे पाय करून विकायचे (पाय म्हणजे त्यांच्याकडचा गोड पदार्थ, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल). जिथे कचरा टाकत ती जागा घेतली आणि १९०७ मध्ये तिथे इमारत उभी केली. नाव ठेवलं 'फेथ हॉल'. साबणवाल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या घराण्यातले जेम्स गॅम्बल विश्वस्त झाले. श्रीमंत गोऱ्यांपुढे त्या फार गोड बोलायच्या, असा आक्षेप घेता येईल. मीही घेत होतो. मग आमच्या शाळेच्या छपरासाठी वर्गणी मागत फिरायची वेळ आली, तेव्हापासून गप्प आहे.

गोड बोलणं सगळीकडे नव्हतंच. १९२० मध्ये स्त्रियांना मताधिकार मिळाला, तेव्हा त्या काळ्या लोकांना लिहावाचायला शिकवून मतदानासाठी तयार करत होत्या. कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे बुरखेवाले शाळेच्या आवारात चालून आले. तेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत, क्रूस पेटवत फिरत! बाई हटल्या नाहीत, आणि मतदानाला गेल्या. त्या शाळेचं पुढे कॉलेज झालं, आज बेथ्यून-कुकमन विद्यापीठ आहे. २०२२ साली वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनात, फ्लोरिडाच्या वतीने त्यांचा संगमरवरी पुतळा बसला. आधी त्या जागी होता गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूच्या एका सेनापतीचा पुतळा.

आमच्या आजीलाही मिशनच्या बोर्डिंगनेच अक्षर दिलं. गावच्या शाळेत ती दाराबाहेर बसायची. आजी बायबल वाचताना ओळीखालून बोट फिरवायची, आणि काही ठिकाणी बोट थांबायचं. कुठे थांबायचं ते मी कधी वाकून पाहिलं नाही.

या रविवारी संडे स्कूलची पाळी माझी आहे. लिमलेट आणून ठेवलीत. 'सार्वकालिक' चुकलं तरी देणार आहे, पण 'जो कोणी' म्हणजे कोण, ते आधी सांगावं लागेल.